लुसिया हॅरिस : मुकुट मिळाला, मैदान मिळाले नाही

१० जून १९७७ चा दिवस. अमेरिकेत पुरुषांच्या धंदेवाईक बास्केटबॉल संघांची वार्षिक खेळाडू-निवड चालू होती. एनबीए म्हणून जगभर ओळखली जाणारी ही स्पर्धा. दरवर्षी एकेक संघ आळीपाळीने महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुण खेळाडूंची नावे उचलतो. सातव्या फेरीत न्यू ऑर्लिन्स जॅझ या संघाची पाळी आली आणि १३७ व्या क्रमांकावर त्यांनी नाव पुकारले ते एका बाईचे. लुसिया हॅरिस. वय २२, उंची सहा फूट तीन इंच, रंगाने काळी, मिसिसिपी राज्यातल्या कापूसपट्ट्यातल्या खेड्यात जन्मलेली, अकरा भावंडांतली दहावी.

याआधी १९६९ साली डेनिस लाँग या मुलीचे नाव एका संघाने घेतले होते, पण संघटनेच्या प्रमुखांनी ती निवड रद्द करून टाकली. लुसियाची निवड मात्र रद्द झाली नाही. एनबीएने अधिकृतपणे निवडलेली ती पहिली स्त्री आणि आजपर्यंतची शेवटचीही. वर्तमानपत्रांना मोठा मसाला मिळाला. लुसिया मात्र त्या संघाच्या शिबिराकडे फिरकलीसुद्धा नाही.

ती का गेली नाही, आणि त्यानंतर तिचे काय झाले, हे बाळापूर-अकोल्याच्या वाचकाला सांगण्याचे कारण काय, असा प्रश्न कुणी विचारील. कारण आहे, आणि ते कापसापासून सुरू होते.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. गुलामगिरी ठेवायची की मोडायची, हा त्या युद्धाच्या मुळाशी असलेला प्रश्न. दक्षिणेकडच्या राज्यांतला कापूस बंदरातच अडकला. मँचेस्टरच्या गिरण्यांना सूत मिळेना. तेव्हा इंग्रजाची नजर वळली ती आपल्या वऱ्हाडाकडे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन एकाएकी सोन्याच्या भावाची झाली. १८७० साली खामगावची रेल्वे सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला, तो काही वऱ्हाडी माणसाच्या प्रेमापोटी आला नव्हता. गाठी बंदराला पोचवायच्या होत्या. म्हणजे मिसिसिपीचा काळा मजूर आणि वऱ्हाडचा सालदार हे एकमेकांना न ओळखताही एकाच बाजाराच्या तराजूत तोलले जात होते. तिकडे गुलामी कायद्याने संपली, तरी जमीन गोऱ्या मालकाचीच राहिली. कालचा गुलाम आज बटईदार झाला. बियाणे मालकाचे, दुकान मालकाचे, हिशेबाची वही मालकाची. वर्षाअखेरीस वहीत बाकी निघायची ती नेहमी मजुराच्याच नावावर. हे वर्णन वाचताना आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून ऐकलेले सावकाराचे वर्णन आठवले, तर त्यात नवल नाही.

अशा बटईदाराच्या घरात १० फेब्रुवारी १९५५ रोजी मिंटर सिटी या खेड्यात लुसियाचा जन्म झाला. जिल्ह्याचे नाव लफ्लोर. ती सहा महिन्यांची होती तेव्हा, २८ ऑगस्ट १९५५ च्या रात्री, याच जिल्ह्यातल्या मनी नावाच्या खेड्यातून एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्यांनी उचलून नेले आणि हालहाल करून मारले. आरोप काय, तर दुकानातल्या गोऱ्या बाईशी सलगी केली. सगळेच्या सगळे गोरे पंच असलेल्या न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. खैरलांजी पाहिलेल्या महाराष्ट्राला यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नाही. आणि ती अकरा वर्षांची असताना, १६ जून १९६६ रोजी, त्याच जिल्ह्याच्या ग्रीनवुड शहरात स्टोकली कारमायकेल या तरुणाने ‘ब्लॅक पॉवर’ ही घोषणा दिली. पुढे त्याच हवेतून ब्लॅक पँथर उभी राहिली आणि तिचे नाव समुद्र ओलांडून १९७२ साली मुंबईत दलित पँथरच्या रूपाने आले. त्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डु बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडायच्या अर्जाची प्रत मागितली होती. ही नाती आपल्या चळवळीत बोलली जातात, पण ती बहुधा पुरुषांची नाती असतात. त्या ग्रीनवुडच्या शाळेत शिकलेल्या मुलीचे नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, म्हणून हा लेख.

घरातली सगळी पोरे कापसात राबायची, लुसियाही राबली. संध्याकाळी घरामागच्या अंगणात भावंडांचा खेळ रंगायचा. रात्री आई झोपायला सांगायची, तर ही पोरगी गोधडीत तोंड खुपसून लपतछपत दूरदर्शनसंचावर एनबीएचे सामने बघायची. तिचा देव होता ऑस्कर रॉबर्टसन हा काळा खेळाडू. शाळेत तिच्या उंचीची टिंगल व्हायची. नुसतीच लांब, बाकी काही नाही, अशा अर्थाचे टोमणे. आपल्याकडे उंच मुलीला काय काय म्हणतात ते सांगायला नको, आणि त्यापाठोपाठ ‘हिला नवरा कुठून शोधायचा’ हा प्रश्न येतोच. त्याच उंचीने ग्रीनवुडच्या अमांडा एल्झी शाळेत एका सामन्यात ४६ गुण काढले.

पुढचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शाळा संपल्यावर लुसियाला जायचे होते अल्कॉर्न स्टेट या महाविद्यालयात. ते काळ्यांचे, काळ्यांसाठी काढलेले महाविद्यालय. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर आपल्या माणसांची संस्था. पण तिथे मुलींचा बास्केटबॉल संघच नव्हता! संघ होता तो क्लीव्हलँड गावच्या डेल्टा स्टेट या गोऱ्यांच्या महाविद्यालयात. तिथे काळ्या विद्यार्थ्यांना दार उघडले ते १९६७ साली, आणि दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, हक्क मागण्यासाठी धरणे धरणाऱ्या काळ्या विद्यार्थ्यांना पकडून पार्चमनच्या कुप्रसिद्ध तुरुंगात नेले गेले होते. अशा जागी ही मुलगी १९७३ साली गेली. संघात ती एकटीच काळी. खेळाची शिष्यवृत्ती मुलींना नव्हतीच. अभ्यासाची शिष्यवृत्ती आणि महाविद्यालयातच काम करून मिळणारे पैसे यांवर तिने शिक्षण केले.

आपल्या माणसांच्या संस्थेत आपल्या मुलीला जागा नाही, हा प्रसंग कुणाला परका वाटत असेल तर त्याने आपल्या गावातल्या तालमी, व्यायामशाळा आणि क्रीडा मंडळे एकदा फिरून पाहावीत. भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी, रमाईची तसबीर, सावित्रीमाईची तसबीर. आत डंबेल्स मारणारी सगळी पोरे. मुलींसाठी आठवड्यातला एक तासही राखून ठेवलेला नसतो. तसबिरीत बाई चालते, मैदानात चालत नाही.

डेल्टा स्टेटमध्ये मात्र तिला भेटल्या मार्गारेट वेड. या बाई गोऱ्या, वयाने साठीच्या पुढच्या. त्यांची कथा स्वतंत्र लिहावी अशी. तरुणपणी त्या याच महाविद्यालयाच्या संघातून खेळायच्या. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला महाविद्यालयाने ठरवले की हा खेळ नाजूक मुलींना झेपणारा नाही, आणि संघच मोडून टाकला. मुली रडल्या आणि त्यांनी रागाने आपले गणवेश जाळले. त्यानंतर चाळीस वर्षे त्या महाविद्यालयात मुलींचा संघ नव्हता. १९७३ साली तो पुन्हा उभा करण्याचे काम त्याच मार्गारेट वेड यांच्याकडे आले.

नाजूकपणाच्या या भाषेचा जरा विचार केला पाहिजे. बास्केटबॉल हा खेळ जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ साली शोधला. पुढच्याच वर्षी मुलींसाठी त्याचे नियम बदलले गेले. मैदानाचे तीन भाग करायचे, मुलीने आपला भाग सोडायचा नाही, चेंडू हिसकावून घ्यायचा नाही. दम लागता कामा नये, घाम येता कामा नये! ज्या राज्यात हे सांगितले जात होते त्याच राज्यात काळ्या बाया दिवसभर उन्हात, पाठीवर ओढायच्या लांबलचक पोत्यात कापूस वेचत होत्या. त्यांचा दम कुणी मोजला नाही. वऱ्हाडात कमरेला झोळी बांधून पहाटेपासून वेचणी करणारी बाई काही नाजूक असते काय? किलोमागे मजुरी देताना तिचे बाईपण कुणाला आठवत नाही. तिची मुलगी चड्डी घालून मैदानात उतरली की मात्र सगळ्या गावाला तिच्या अब्रूची काळजी लागते. नाजूकपणा ही उंबरठ्याच्या आतल्या बाईसाठी केलेली सोय आहे. शेतात राबणाऱ्या बाईला ती सवलत कधी मिळाली नाही, बंधने मात्र तिलाही लावली गेली.

१९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने मुलगी आहे म्हणून कुणाला वगळता कामा नये, एवढेच तो कायदा सांगतो. त्याच्या मजकुरात खेळ हा शब्दही नाही. पण त्याच्या धाकाने देशभरच्या संस्थांना मुलींचे संघ काढावे लागले. वरून दया आली म्हणून जग बदलत नाही, कायद्याची एक ओळ लागते. हे घटनाकारांच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको.

आता खेळाकडे वळू. लुसिया सेंटरच्या जागी खेळायची. म्हणजे बास्केटच्या अगदी खाली, जिथे धक्काबुक्की सर्वांत जास्त असते. तिचे कौशल्य कसरतीचे नव्हते. अंगावर दोन-दोन, तीन-तीन मुली असताना चेंडू धरायचा, वळायचा आणि शांतपणे आत टाकायचा. संघाच्या दुसऱ्या हंगामात, १९७४-७५ मध्ये, डेल्टा स्टेटने २८ सामने खेळले आणि २८ जिंकले. राष्ट्रीय अंतिम सामना होता इमॅक्युलाटा या महाविद्यालयाशी, जे आधीची सलग तीन वर्षे विजेते होते. डेल्टा स्टेटने तो ९०-८१ असा जिंकला. त्यात लुसियाचे ३२ गुण होते. १९७६ मध्ये पुन्हा तेच अजिंक्यपद, १९७७ मध्ये पुन्हा. मध्ये सलग ५१ विजयांची मालिका. चार वर्षांत तिचे एकूण गुण २,९८१, आणि बास्केटवरून उसळलेले चेंडू पकडण्याची संख्या १,६६२. सरासरी काढली तर प्रत्येक सामन्यात जवळजवळ २६ गुण. तेव्हा लांबून टाकलेल्या गोलाला तीन गुण देण्याचा नियम त्या खेळात नव्हता, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचावा. टेनेसी टेक या संघाविरुद्ध १९७६ मध्ये एका सामन्यात तिने ५८ गुण केले होते.

लहानशा क्लीव्हलँड गावात मुलींचे सामने पाहायला गर्दी लोटू लागली, पुरुषांच्या संघापेक्षाही जास्त. महाविद्यालयाने तिला स्नेहसंमेलनाची राणी निवडले. डेल्टा स्टेटच्या इतिहासातली ती पहिली काळी राणी. दहा वर्षांपूर्वी ज्या आवारात तिला पाऊल टाकता आले नसते तिथे डोक्यावर मुकुट. मी याला कमी लेखत नाही. ज्याला सन्मान कधीच मिळालेला नाही त्याला सन्मानाची किंमत कळते.

१९७६ च्या जुलैमध्ये कॅनडातील माँट्रियल येथे ऑलिम्पिक भरले. पुरुषांचा बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये आला होता १९३६ साली, बर्लिनमध्ये. त्याच बर्लिनला आपल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक कबड्डीसारखे देशी खेळ दाखवायला गेले होते, ही आठवण वऱ्हाडात अजून अभिमानाने सांगितली जाते. बायकांच्या बास्केटबॉलला त्यानंतर आणखी ४० वर्षे थांबावे लागले. माँट्रियलला तो पहिल्यांदा आला. अमेरिकेचा पहिला सामना जपानशी होता. त्या सामन्यात पहिले गुण लुसियाने केले, आणि ऑलिम्पिकच्या इतिहासात महिला बास्केटबॉलमधले ते पहिले गुण म्हणून नोंदले गेले. तो सामना अमेरिका ८४-७१ अशी हरली, ही गोष्ट वेगळी. सोव्हिएत संघाकडे उल्याना सेम्योनोव्हा नावाची सुमारे सात फूट उंचीची खेळाडू होती आणि त्यांनी अमेरिकेचा ११२-७७ असा धुव्वा उडवला. तरीही अमेरिकेला रौप्यपदक मिळाले, आणि त्या संघात सर्वाधिक गुणांची सरासरी लुसियाचीच होती. याच ऑलिम्पिकवर आफ्रिकेतल्या वीसहून अधिक देशांनी बहिष्कार टाकला होता, कारण न्यूझीलंडचा रग्बी संघ वर्णद्वेष्ट्या दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला होता. एकीकडे बहिष्कार, दुसरीकडे मिसिसिपीच्या बटईदाराच्या लेकीचे पदक. दोन्ही एकाच लढ्याची रूपे आहेत असे मला वाटते, कुणी असहमत असेल तर असो.

आता त्या १९७७ च्या जूनकडे परत येऊ. वय २२. महाविद्यालय संपलेले. देशातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून पारितोषिक मिळालेले. पदरात ऑलिम्पिकचे पदक आणि तीन अजिंक्यपदे. अशा पुरुष खेळाडूपुढे त्या दिवशी काय काय वाढून ठेवलेले असते? करार, पैसा, घर, पुढची दहा-बारा वर्षे. लुसियापुढे काय होते? काहीही नव्हते. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात तेव्हा बायकांची एकही धंदेवाईक स्पर्धा नव्हती.

मग जॅझ संघाने केलेली निवड काय होती? माझे स्पष्ट मत असे की ती प्रसिद्धीची युक्ती होती. १३७ व्या क्रमांकावर नाव घ्यायला पैसा लागत नाही. वर्तमानपत्रात चार दिवस गाजावाजा होतो. पुरुषांपुढे आपला निभाव लागणार नाही हे लुसिया ओळखून होती आणि तिने तसे मोकळेपणाने सांगितले. त्यात कमीपणा नाही. बायकांमध्ये जगात सर्वोत्तम असलेल्या खेळाडूला पुरुषांच्या संघात सिद्ध होऊन दाखव असे सांगणे, हीच मुळात फसवणूक आहे. तिला हवे होते स्वतःच्या बरोबरीच्या खेळाडूंचे मैदान. ते कुणी बांधले नाही, आणि पुरुषांच्या दिवाणखान्यात एक खुर्ची तेवढी दाखवली.

दुसरे कारण अगदी साधे होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिचे लग्न झाले होते आणि निवडीच्या वेळी ती गरोदर होती. इथे थोडे थांबले पाहिजे. बाबासाहेब १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांना पगारी विश्रांती मिळावी म्हणून मातृत्व लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले होते. आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांनी मांडले. दुसऱ्याच वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. अमेरिकेत गरोदर कामगार स्त्रीला भेदभावापासून वाचवणारा केंद्रीय कायदा आला तो १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी! आणि तिकडच्या महिला बास्केटबॉल खेळाडूंना बाळंतपणात पूर्ण पगार देण्याचा करार झाला तो २०२० साली. आपल्याकडे अमेरिका दिसली की डोळे दिपतात. डोळे जरा उघडे ठेवून पाहिले तर काही बाबतीत आपल्या माणसाने आधी विचार करून ठेवलेला आढळतो.

१९७८ साली अमेरिकेत बायकांची पहिली धंदेवाईक स्पर्धा निघाली. लुसिया त्यात ह्यूस्टन एंजल्स या संघाकडून १९७९-८० चा एक हंगाम खेळली. पण ती स्पर्धा तीन वर्षांत पैशाअभावी बंद पडली. ज्या डब्ल्यूएनबीएचा आज बोलबाला आहे तिचा पहिला सामना झाला २१ जून १९९७ रोजी. तेव्हा लुसिया ४२ वर्षांची होती.

मधल्या काळात तिने काय केले? जे आपल्याकडच्या शिकलेल्या पहिल्या पिढीने केले तेच. मिळेल ती नोकरी. डेल्टा स्टेटमध्येच प्रवेशासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना सल्ला देण्याचे काम, संघाची सहायक प्रशिक्षक, शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी. १९८४ ते १९८६ ह्यूस्टनच्या टेक्सस सदर्न या काळ्यांच्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक. पुढे मिसिसिपीत परत येऊन शाळेत शिक्षिका आणि प्रशिक्षक. चार मुले वाढवली. आणि या सगळ्यात तिला मनाच्या आजाराने गाठले. कधी अति उत्साह, कधी खोल निराशा, असा तो द्विध्रुवी विकार. खेळ थांबल्यावर आलेल्या या आजाराबद्दल ती पुढे उघडपणे बोलली. आपल्या वस्त्यांमध्ये अजूनही असल्या आजाराला ‘बाहेरचे’ म्हणतात, अंगारा लावतात, मुलीच्या लग्नात अडथळा येईल म्हणून दडवतात. ऑलिम्पिक पदक मिळवलेली बाई ‘मी आजारी होते, मी औषध घेते’ असे सांगते, यालाही धैर्य लागते. मला तिच्या गुणांच्या आकड्यांइतकेच हे मोठे वाटते.

१९९२ साली तिला बास्केटबॉलच्या नाइस्मिथ सन्मानदालनात घेतले गेले. नेरा व्हाइट आणि ती, खेळाडू म्हणून तिथे पोचलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया, आणि काळ्या स्त्रियांत तर हीच पहिली. तिची ओळख करून द्यायला व्यासपीठावर कोण उभे होते? ऑस्कर रॉबर्टसन. गोधडीतून जो पाहिला, तोच. पण सन्मानदालनात नाव आल्याने देशाला ती आठवली असे झाले नाही. तिच्या मागून आलेल्या, तिच्याहून कमी गुण केलेल्या गोऱ्या खेळाडू दूरचित्रवाणीवर समालोचन करू लागल्या, पुस्तके लिहू लागल्या. तिच्या वाट्याला तीन दशके शांतताच आली.

२०२१ साली बेन प्राउडफूट या दिग्दर्शकाने तिच्यावर ‘द क्वीन ऑफ बास्केटबॉल’ हा २२ मिनिटांचा माहितीपट केला. त्यात ती एकटी कॅमेऱ्यासमोर बसून बोलते, हसते, मध्येच थांबते. एनबीएचे शकील ओनील आणि स्टीफन करी हे दोन कोट्यधीश खेळाडू त्या माहितीपटाच्या पाठीशी उभे राहिले. १८ जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, माउंड बायू या गावी लुसियाचे निधन झाले. हे माउंड बायू म्हणजे १८८७ साली सुटका झालेल्या गुलामांनी स्वतः जंगल तोडून वसवलेले, स्वतःच चालवलेले काळ्यांचे गाव. २७ मार्च २०२२ रोजी त्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. ती असती तर दोन महिन्यांनी तिला ते पाहता आले असते.

पुरस्कार घेताना दिग्दर्शकाने मंचावरून राष्ट्राध्यक्षांना एक विनंती केली. ब्रिटनी ग्रायनर या खेळाडूला घरी आणा. ही ग्रायनर डब्ल्यूएनबीएची मोठी खेळाडू, काळी, ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवलेली, आणि तेव्हा रशियाच्या तुरुंगात होती. ती रशियात कशाला गेली होती? पोटासाठी. अमेरिकेत तिला जेवढे वेतन मिळायचे त्याच्या कितीतरी पट रशियातला संघ द्यायचा, म्हणून सुट्टीच्या महिन्यांत ती तिकडे खेळायची. डिसेंबर २०२२ मध्ये ती सुटली. लुसियाच्या निवडीनंतर ४५ वर्षांनीही बाईच्या घामाचा भाव असा होता.

आमच्या बाळापूर तालुक्यात, मन आणि म्हैस नद्यांच्या काठच्या खेड्यांत, खारपाणपट्ट्यातल्या गावांत, मुली आठवी-नववीपर्यंत मैदान गाजवतात. बास्केटबॉलची रिंग असलेली शाळा क्वचितच. पण कबड्डी, खो-खो, धावणे यांत त्या कमी नाहीत. अनवाणी धावून तालुक्याला पहिल्या येणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. दहावी झाली की त्या दिसेनाशा होतात. पुढचे महाविद्यालय अकोल्याला, एसटीचा पास, सरावाला थांबले तर शेवटची गाडी चुकते, आणि घरी कापसाची वेचणी. मग एखाद्या वर्षी लग्नपत्रिका येते. मुलीच्या आईबापाला दोष देणे सोपे आहे. पण मुलगी खेळली तर पुढे काय, या त्यांच्या प्रश्नाला आपल्यापैकी किती जणांकडे उत्तर असते?

उत्तर अगदीच नाही असेही नाही. महाराष्ट्र सरकारने २००५ साली शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखून ठेवल्या. राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर खेळलेल्या मुलामुलींना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. याची माहिती शहरातल्या पालकांना असते, त्यांच्या मुलांना प्रमाणपत्रेही वेळेवर मिळतात. खोट्या प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणेही याच महाराष्ट्रात उघडकीला आली. आणि ज्या मुलीने खरोखर पळून दाखवले तिचे प्रमाणपत्र शाळेच्या कपाटात पडून राहते, कारण ते कुठे पडताळून घ्यायचे हे तिला कुणी सांगितलेले नसते. आपल्या गावातला जो कार्यकर्ता जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला दहा चकरा मारतो, त्याने एक चकर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कचेरीत मारायला हरकत नाही.

भारताचा महिला बास्केटबॉल संघ आजवर ऑलिम्पिकला पोचलेला नाही. पुण्याच्या शिरीन लिमयेसारख्या मराठी मुली भारतीय संघातून खेळल्या. २०१७ साली बंगळुरूला आशिया चषकाच्या दुसऱ्या गटात कझाकस्तानला हरवून आपला संघ विजेता ठरला, ७५-७३ असा अवघ्या दोन गुणांनी. दुसऱ्या दिवशी किती घरांत त्याची चर्चा झाली असेल? क्रिकेटच्या एका सराव सामन्याला त्याहून मोठी जागा मिळाली असणार.

लुसियावरचा तो माहितीपट इंटरनेटवर फुकट पाहता येतो. इंग्रजी कळत नसेल तरी तिचा चेहरा आणि जुन्या सामन्यांची दृश्ये कळतात. शेजारी बसून अर्थ सांगणारी एखादी शिक्षिका असली तर उत्तमच. एप्रिलमध्ये गावोगावी जयंतीचे कार्यक्रम होतात, पडदा आणि प्रोजेक्टर भाड्याने आणलेलेच असतात. एका संध्याकाळी मुलींना पुढच्या रांगेत बसवून ती फिल्म दाखवावी. २२ मिनिटे लागतात. आपल्याकडे पाहुण्यांच्या सत्कारालाच त्याहून जास्त वेळ जातो.